कोल्हारच्या कार्यक्रमात मी कुठे बसले होते

प्रश्न माझा नाही, माझ्या मुलीचा आहे. पण प्रश्न नीट मांडल्याशिवाय उत्तराला हात घालू नये, म्हणून आधी तो मांडते. वाढत्या वयाच्या मुलांना आवडणारे आणि आपल्याला न कळणारे संगीत प्रत्यक्ष ऐकायला त्यांच्याबरोबर जायचे ठरले, तर आईने तिथे नेमके कुठे बसावे?

गेल्या आठवड्यात नीलाने पुण्याहून फोन केला. तिची ऋचा आता पंधरा वर्षांची आहे. एका मोठ्या मैदानावर कुठल्याशा रॉक बँडचा कार्यक्रम आहे, आणि ऋचाला जायचे आहे. "तिला एकटीला सोडवत नाही गं आई," नीला सांगत होती. "मी येते म्हटलं, तर म्हणते, ये, पण माझ्या शेजारी उभी राहू नकोस. मग मी उभी कुठे राहू? झाडावर?" मी हसले. मग तिने विचारले, "तू कुठे बसायचीस गं? कोल्हारला कुठे होतीस तू? मला तू परतीच्या बसमधली आठवतेस. कार्यक्रमातली आठवतच नाहीस."

"लिहून कळवते," मी म्हटले. सबंध आयुष्य फळ्यावर पायरीपायरीने मांडण्यात गेल्यामुळे असेल, बोलता बोलता उत्तर देणे मला जमत नाही. शिवाय दिवसही आठवणीला अनुकूल होते. माझ्या घराच्या मागे शाळेचे मैदान आहे आणि डिसेंबर लागला की तिथे स्नेहसंमेलनाची तयारी सुरू होते. पहारीने खड्डे घेऊन बांबू उभे राहतात, कनाती येतात, वर्षभर गुंडाळून ठेवलेल्या जाजमांचा कुबट वास सकाळच्या गारव्यात पसरतो, आणि कोणीतरी ध्वनिक्षेपकावर "हॅलो, एक, दोन, तीन" एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. चारपर्यंत तो कधीच जात नाही. नगरची थंडी कोरडी असते. ओठ फुटतात, टाचांना रात्री कोकमाचे तेल चोळावे लागते. माझ्यासारख्या माणसाला हा ऋतू थंडीपेक्षा संमेलनांचाच वाटतो.

बहात्तर सालाच्या अखेरीस सुरू होऊन त्र्याहत्तरच्या आरंभी संपलेला हिवाळा मात्र वेगळा होता. पाऊस झाला नव्हता. ज्वारी आली नव्हती, म्हणून हुरडा नव्हता. हरभऱ्याचे ढाळे बाजारात दिसले नाहीत. शाळांनी संमेलने साधेपणाने करावीत असे ठरले होते आणि विजेच्या टंचाईमुळे कार्यक्रम दिवसाउजेडी होत होते. अशा त्या वर्षी आमच्या गावात चार मुलांनी मिळून एक संगीतमंडळी काढली. गाव तिला 'ऑर्केस्ट्रा' म्हणे. माझा मुलगा शशी, वय वर्षे चौदा, प्रत्येक वेळी न कंटाळता दुरुस्ती करी: "ऑर्केस्ट्रा नाही. बीट ग्रूप. ते रॉक वाजवतात." मी हा शब्द शब्दकोशात पाहिला. उपयोग झाला नाही.

दोन गिटारी, एक गाणारा आणि एक ढोल वाजवणारा, असा तो संच होता. गिटारींचा आवाज मोठा करणारे यंत्र गावातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने लाकडी खोक्यात बसवून दिले होते. ढोल लग्नाच्या बँडवाल्याकडून मागून आणलेला होता, आणि त्यावर रंगवलेले बँडवाल्याचे नाव झाकण्यासाठी तपकिरी कागद चिकटवून वर गावच्या नदीच्या नावाने 'सीना बीट्स' असे लिहिले होते. तो वाजवणारा विठ्ठल माझा विद्यार्थी. सोनईच्या शेतकरी घरातला. आठवीपासून नगरला बोर्डिंगमध्ये राहून शिकलेला, आता महाविद्यालयात जाणारा. वर्गात तो तिसऱ्या बाकावर बसे आणि बोटांनी बाक वाजवी. मी त्याची बोटे कित्येकदा थांबवली होती.

नीला त्या वर्षी अकरावीत, म्हणजे शालान्त परीक्षेच्या वर्षात होती. परीक्षा झाली की तिच्या आत्याने सुचवलेले स्थळ पाहायचे, असे घरात बोलणे निघू लागले होते. तिने याबद्दल कधी एक अक्षर काढले नाही. संध्याकाळी रेडिओला कान लावून ती परदेशी गाणी ऐके आणि एका वहीत उतरवून घेई. वही मी एकदा आवरताना पाहिली. इंग्रजी शब्द जसे ऐकू आले तसे लिहिलेले, आणि जो शब्द कळला नाही त्याच्या जागी त्याच्या लांबीएवढी रिकामी जागा सोडलेली. आखलेल्या ओळीवर, टिंबे न देता, मोकळी जागा. ती पाहून मला वाटले, माझी मुलगी माझ्यासारखीच आहे. फक्त ती जे सोडवते आहे ते मला येत नाही.

जेवताना तिने विचारले होते, "बाबा, रविवारी सकाळी लष्कराच्या छावणीच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. शशी जाणार आहे. मी जाऊ?"

"शशी मुलगा आहे," हे म्हणाले.

"तो चौदा वर्षांचा आहे. मी सोळा."

"म्हणूनच." त्यांनी आमटीचा घोट घेतला. ते कलेक्टर कचेरीत होते, दुष्काळी कामांच्या कागदांनी त्या वर्षी त्यांची झोप उडवली होती, आणि वाद घालण्याची त्यांना ताकद नव्हती. "आई येत असेल तर जा."

तिघांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या हातात तव्यावरून काढलेली पोळी होती. "येईन," मी म्हटले.

आता या एका शब्दाने काय झाले ते स्पष्ट केले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. मी गेले तर नीला जाणार, मी न गेले तर नीला जाणार नाही, असा नियम झाला. त्या वेळी मला तो सोयीचा वाटला. मुलीबरोबर चार घटका जातील, एवढाच विचार मी केला होता.

पहिला कार्यक्रम मी बिघडवला. हॉलमध्ये शिरल्यावर माझे पाय आपोआप पहिल्या रांगेकडे वळले. अठरा वर्षे प्रत्येक संमेलनात मी तिथेच बसत आले होते: शिक्षकांच्या खुर्च्या पुढे, मुले मागे जाजमावर. नीला आणि शशी माझ्या दोन बाजूंना गुपचूप बसले. पडदा सरकला आणि आवाज आला. त्या आवाजाचे वर्णन करायचे तर एवढेच सांगते, की माझ्या मांडीवरच्या पर्सची कडी थरथरू लागली. दुसऱ्या गाण्याला मागची मुले शिट्ट्या वाजवू लागली, खुर्च्यांवर तळवे आपटू लागली, कोणी खुर्चीवर उभेही राहिले.

वर्गातला दंगा थांबवण्यासाठी मी कधी छडी वापरली नाही. माझी पद्धत निराळी होती. उभे राहायचे, चष्मा किंचित खाली घ्यायचा आणि शेवटच्या बाकापासून पहिल्यापर्यंत शांतपणे पाहत यायचे. मी मागे वळून नेमके हेच केले. ठरवून केले असते तर त्याला चूक म्हणता आले असते. ते सवयीने झाले. हॉलमधल्या अर्ध्या मुलांना मी शिकवले होते. शिट्ट्या थांबल्या, खुर्चीवरचा मुलगा खाली उतरला. आणि मग माझ्या पाठीमागे ढोलही थांबला. त्याच्या मागून गिटारी थांबल्या, गाणारा एक ओळ एकटाच म्हणून गप्प झाला. त्या शांततेत विठ्ठलचा आवाज माइकमधून आला.

"बाई, काय चुकलं का?"

हॉल हसला. मागून कोणीतरी अदबीने विचारले, "बाई, बसू का खाली?" तेव्हा तो पुन्हा हसला. मी खाली बसले. नीला फरशीकडे पाहत होती. तिच्या मानेवर लाली चढलेली मी पाहिली आणि उरलेला तासभर आम्ही तिघेही समोर पाहत बसून राहिलो.

टांग्यात शशी म्हणाला, "आई, सगळ्यांना अंगठे धरायला लावणार होतीस का?" मी त्याला गप्प केले नाही, तेवढी पात्रता त्या दिवशी माझ्यात उरली नव्हती. संध्याकाळी दिव्याची वात नीट करताना नीला म्हणाली, "यापुढे मी नाही जाणार."

"बाबा नको म्हणाले का?"

"नाही. तू येशील म्हणून." मग माझ्याकडे पाहून तिने आवाज खाली आणला. "तू वाईट नाहीस गं. पण तू असलीस की तिथे शाळा भरते."

रात्री कपड्यांच्या घड्या करताना मी हे वाक्य तपासत राहिले. त्यात कुठे अन्याय सापडतो का, ते शोधत होते. सापडला नाही. नियम तिच्या बाबांचा होता, पण त्याचा भार मी होते. मी गेले नाही तर ती जाऊ शकत नव्हती. मी गेले तर ती जाऊ इच्छित नव्हती. आणि पुढचा हिवाळा ती कुठल्या घरात काढील, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. हाच एक हिवाळा खात्रीने आमचा होता.

दरम्यान गावात भलतीच बातमी पसरली. बाई स्वतः त्या कार्यक्रमाला गेल्या होत्या, त्यांनी तिथेही शिस्त लावली, म्हणजे कार्यक्रम बरा असला पाहिजे, असा निष्कर्ष पालकांनी काढला. भाजी घेताना, शाळेच्या फाटकाशी, एकेक आई मला गाठू लागली. "बाई, आमची पण मागं लागलीय. तुम्ही असाल तर पाठवते." पुढच्या कार्यक्रमाच्या आत अशा सहा मुली झाल्या. नीला धरून सात. जी गोष्ट माझ्या मुलीला नकोशी झाली होती, तिच्याच आधारावर सहा घरांची दारे उघडली होती.

मी नीलाला हे सांगितले. ती बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत बसली.

"शेवटच्या रांगेत बसशील?"

"बसेन."

"उठणार नाहीस?"

"नाही."

"कोणाकडे पाहणार नाहीस?"

"डोळे मिटून बसू का?" मी विचारले, तेव्हा ती चार दिवसांत पहिल्यांदा हसली.

दुसरा कार्यक्रम महाविद्यालयाच्या संमेलनात, दुपारच्या वेळी होता. मी ठरल्याप्रमाणे शेवटच्या रांगेत कनातीला लागून बसले. मुली पुढे मधोमध जाजमावर बसल्या. पण छातीला फुले लावलेल्या दोन स्वयंसेवकांनी मला ओळखले.

"बाई, तुम्ही मागे? चला, पुढे चला."

"मला इथूनच बरे दिसते."

"मागं काय दिसतंय बाई, खांब दिसतोय," असे म्हणत त्यांनी माझी खुर्ची उचलली. रिकामी खुर्ची लोकांच्या डोक्यांवरून पुढे निघाली आणि तिच्यामागून मला जावे लागले, कारण उभे राहणार नाही असे मी वचन दिले होते आणि बसायला दुसरे काही नव्हते. आदर दाखवण्याची आपली ही रीत मी कित्येक वर्षे उपभोगली होती. तिच्यात माणसाला आपल्या मर्जीने मागे राहण्याची सोय नाही, हे त्या दिवशी ध्यानात आले. जाजमावरून जाताना मी नीलाकडे पाहिले नाही. तेवढा एक शब्द पाळला.

पुढे बसून मी स्वतःला एक काम लावून घेतले: इकडेतिकडे न पाहता एकाच ठिकाणी लक्ष ठेवायचे. मी विठ्ठलचा उजवा पाय निवडला. ढोल पायाने वाजवण्यासाठी लावलेल्या पट्टीवर तो पाय अनवाणी होता. मंचावर चढताना त्याने चपला पायरीशी काढल्या होत्या, प्रयोगशाळेत शिरताना मुले काढत तशा. तो पाय जपून पडत होता. छावणीच्या हॉलमध्ये, मी उठण्याआधी, तो असा पडत नव्हता, हे मलादेखील समजले.

कार्यक्रम संपल्यावर विठ्ठल मंडपाच्या बाहेर वाट पाहत होता. वाकून नमस्कार केला आणि हात पुसत उभा राहिला.

"बाई, येक बोलू का? राग नका मानू."

"बोल."

"तुमी फुडं बसल्या का माजा हात आखडतो. भूमितीचा पेपर दिसतो समोर."

"तू भूमितीत पास झाला होतास."

"पस्तीस मार्कावर. तेच दिसत्यात."

"मग मी येऊ नको?"

"आसं कुटं म्हनलं मी?" तो घाईने म्हणाला. "तुमी न्हाई आल्या तर पोरी न्हाई येनार. निसती पोरं आली का शिट्ट्या वाजवत्यात, ऐकत कोनीच न्हाई. पोरी ऐकत्यात वो बाई. त्या सात जनी बसल्या ना, का आमाला बी नीट वाजवावं वाटतं."

"मग कुठे बसू ते तरी सांग."

त्याने गंभीरपणे विचार केला. मी इतकी वर्षे प्रश्न विचारले, पण या मुलाला उत्तरासाठी इतका प्रामाणिक विचार करताना पाहिले नव्हते. "जितनं मला तुमचा चष्मा दिसनार न्हाई, तितं," तो म्हणाला.

तिसरा कार्यक्रम कोल्हारला, प्रवरेच्या काठावर, दुपारी चार वाजता होता. त्या भागातल्या कॉलेजच्या मुलांनी बोलावले होते. यांनी परवानगी देताना सांगितले, "हा शेवटचा. मग परीक्षा." नीलाने मान हलवली. सकाळी डबे बांधले आणि दुपारच्या एसटीने मी, शशी आणि सात मुली निघालो.

मनमाडच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी खडी फोडण्याची कामे चालू होती. बायका उन्हात डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. हातोडा पडताना दिसे आणि आवाज येईपर्यंत बस पुढे गेलेली असे. मुलींचे गाणे आपोआप हळू झाले, मग थांबले. मी खिडकीतून पाहत होते. अशा वर्षी सात मुलींना घेऊन असल्या कार्यक्रमाला जाणे योग्य आहे का, हा प्रश्न मी स्वतःला त्या रस्त्यावर विचारला. शाळेत आम्ही दर शनिवारी मूठमूठ धान्य गोळा करत होतो. ते करणारी मी आणि या बसमध्ये बसलेली मी, एकच होते.

कोल्हारला उतरताच फुले लावलेले स्वयंसेवक आमच्याकडे येताना दिसले. या वेळी मी वाट पाहिली नाही. सरळ मंचाच्या मागे गेले आणि विठ्ठलला म्हटले, "मला इथे जागा दे." तो गोंधळला, मग त्याने यंत्राचे रिकामे खोके उलटे घालून त्यावर आपला टॉवेल पसरला. मंचाच्या मागचा पडदा पातळ होता. त्याच्या अलीकडे वायरींचा गुंता, गिटारींच्या पेट्या, आणि नदीकडे उतरत गेलेला काठ. मुलींना मी सांगितले होते, "मी मागे आहे. काही लागले तर या." इतकेच.

माझ्याखेरीज तिथे एक म्हातारी होती. कार्यक्रमाला पाणी भरण्यासाठी तिला बोलावले होते. दोन घागरी भरून ती अजून मंचावर न चढवलेल्या ढोलाशेजारी उकिडवी बसली. ढोलावरचा तपकिरी कागद प्रवासात फाटला होता आणि बँडवाल्याचे लाल-पिवळे नाव उघडे पडले होते.

"कोनाचं लगीन हाय वो?" तिने मला विचारले.

"लग्न नाही."

"ढोल तर लग्नातला हाय. आमच्या पुतन्याच्या वरातीला ह्योच हुता."

"मुलांनी मागून आणला आहे. गाणी वाजवणार आहेत."

"मंग लगीन न्हाई, जत्रा न्हाई, आन् वाजवत्यात कशापायी?"

"त्यांना आवडतं म्हणून."

तिने त्यावर विचार केला. "बरं हाय," ती म्हणाली. "औंदा लग्नंच न्हाईत. ढोल वाळून गेला असता."

बसमध्ये मला न मिळालेले उत्तर या बाईने घागरीवर झाकण ठेवता ठेवता दिले होते, असे मला तेव्हा वाटले आणि अजूनही वाटते.

कार्यक्रम सुरू झाला. मागून तो वेगळा ऐकू येतो. गाणाऱ्याचा आवाज पुढे निघून जातो आणि ढोल आपल्याकडे येतो. खोक्याच्या फळीतून तो पाठीच्या कण्यापर्यंत चढत होता. पातळ पडद्यातून विठ्ठलची पाठ माझ्यासमोर दिसत होती. त्याचे खांदे मोकळे होते. मी इतक्या वर्षांत थांबवलेली बोटे, मनगटे, कोपर, सगळे काही एकदम चालले होते, आणि प्रत्येकाचे काम वेगळे असून हिशेब एकच होता. त्याला पस्तीस मार्क देणारी मी होते, हे मला आठवले; ते मार्क बरोबरच होते, पण भूमितीचेच तेवढे होते.

पडद्याच्या दोन पट्ट्यांमध्ये चार बोटांची फट होती. तिच्यातून समोरचे प्रेक्षक दिसत होते. उतरते ऊन त्यांच्या तोंडावर होते. मुली उभ्या राहिल्या होत्या. मधोमध नीला होती.

ती नाचत नव्हती, ओरडत नव्हती. वेणी पुढे घेऊन, तिचे टोक दोन्ही हातांत धरून ती उभी होती आणि गाण्यातला प्रत्येक शब्द बरोबरीने म्हणत होती. जिथे तिला शब्द ठाऊक नव्हता तिथे ती नुसते ओठ उघडे ठेवी, तेवढा वेळ जाऊ देई आणि पुढच्या शब्दाला पुन्हा पकडी. असा चेहरा मी तिचा ती पाच-सहा वर्षांची असताना शेवटचा पाहिला होता. त्यावर परीक्षा नव्हती, आत्याने सुचवलेले स्थळ नव्हते, आणि मी नव्हते. आपल्या मुलीला आनंद झालेला पाहावा, यात गैर ते काय, असे मी मनात म्हणत अर्धे गाणे फटीला डोळा लावून बसले.

मग माझ्या ध्यानात आले की, तिने जर या क्षणी वर पाहिले आणि फटीत तिला मी दिसले, तर तो चेहरा मिटेल. छावणीतला हॉल मिटला तसा. आणि तिने पाहिले नाही, तरी जे ती मला दाखवत नाही ते मी घेते आहे. पहिल्या रांगेत बसून मी तिला अडवले होते; इथे बसून मी तिला न सांगता तेच करत होते, एवढाच फरक. मी उठले आणि खोके फिरवले. मंचाकडे पाठ केली, तोंड नदीकडे.

नदीत पाणी नव्हते. वाळू होती आणि वाळूत ठिकठिकाणी खणलेले झिरे होते. त्यांच्या काठी माणसे वाटीने पाणी उपसून भांडी भरत होती. एक मुलगी भांडे भरेपर्यंत पायाने ढोलाचा ठेका धरत होती. म्हातारीने मला विचारले, "बाई, तिकडं तोंड करून काय दिसनार?" मी म्हटले, "ऐकतेय." पाहायला काही उरले नाही, तेव्हा कुठे मी खरोखर ऐकू लागले होते. तीन कार्यक्रमांत पहिल्यांदा. गाणी एकमेकांपासून वेगळी ऐकू येऊ लागली. एक संथ होते. एकात गिटार प्रश्न विचारी आणि दुसरी गिटार उत्तर देई. तिसऱ्या गाण्यात विठ्ठलचा हात पुढे पळत होता आणि गाणाऱ्याला त्याच्यामागे धावावे लागत होते. हे मला कळते आहे, याचे मला नवल वाटले.

साडेसहाच्या बसला आम्हाला सगळ्यांना जागा मिळाली. मुली एकाच वेळी बोलत होत्या. मी शिरले की त्या थांबतील असे वाटून मी दाराशी जरा रेंगाळले. त्या थांबल्या नाहीत. नीलाने सरकून मला खिडकीपाशी जागा दिली आणि बोलणे चालूच ठेवले. राहुरी गेल्यावर ती एकदम माझ्याकडे वळली.

"आई, तुला काही ऐकू आलं का गं?"

"आलं."

"कसं वाटलं? खरं सांग."

"शब्द एकही कळला नाही. पण तिसऱ्या गाण्यात विठ्ठल घाई करतो."

"तेच मी मघापासून सांगतेय," ती म्हणाली आणि मागे वळली. "बघा, आईलासुद्धा कळलं. मी म्हणत नव्हते?" त्यावर शशी म्हणाला, "तो घाई करत नाही, ते गाणं तसंच आहे." मागच्या बाकावरून एकीने त्याला दुजोरा दिला, दुसरीने नीलाचा पक्ष घेतला, आणि नगर येईपर्यंत भांडण चालले. मधूनमधून दोन्ही बाजू मला साक्ष विचारत होत्या. मी ऐकले होते तेवढेच सांगत होते.

आत्याचे ते स्थळ पुढे आपोआप मागे पडले आणि नीला पुण्याला शिकायला गेली, पण त्याचा या उत्तराशी संबंध नाही. फटीतून पाहिल्याचे मी तिला कधी सांगितले नव्हते. आज सांगते आहे, कारण उत्तर त्याच्याशिवाय पुरे होत नाही. नीला, कोल्हारला मी मंचाच्या मागे, नदीकडे तोंड करून बसले होते. तुला मी तिथली आठवत नाही, हे तू फोनवर म्हणालीस तेव्हा क्षणभर मला टोचले. मग बरे वाटले. ऋचाला ठाऊक असू दे की तू आवारातच आहेस, आणि कुठे आहेस ते. पण तुझ्या जागेवरून तिचा चेहरा दिसत असेल, तर जागा बदल. मग तू स्वतः गाणी ऐक, नीट ऐक, कारण घरी येताना ती विचारील तेव्हा सांगायला तुझ्याजवळ काहीतरी खरे हवे.

एक हिवाळा, तीन कार्यक्रम आणि एक मुलगी, एवढ्यावरून नियम काढू नये, असे मीच मुलांना शिकवत आले आहे. माझ्या पाहण्यात चूक असू शकते. तुमचे मूल निराळे असू शकते. म्हणून वाचकांना माझी विनंती इतकीच आहे. घरात या वयाचे मूल असेल, तर या हंगामात एकदा त्याच्याबरोबर जा, मी सांगते तशा जागी बसून पाहा, आणि हे खरे ठरते की नाही ते तुमचे तुम्ही तपासा.